तुम्हाला जेवायला कुठे नेणार, ते आधीच सांगते

ग्योतोकू, जानेवारी 2026

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मध्येच कुकरच्या शिट्ट्या होतात आणि मुद्द्याचं तेवढं राहून जातं. म्हणून पत्र. शिवाय हल्ली कुणी पत्र लिहीत नाही ही तक्रार बाबांचीच, आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाच्या तोंडून ती ऐकली की काही तरी केलंच पाहिजे असं वाटतं.

मागच्या रविवारी आईने विचारलं, तिकडे आल्यावर बाहेर जेवायचं झालं तर कुठे. मी म्हटलं, घराजवळच नेपाळी दाइंचं हॉटेल आहे (दाइ म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ), मी तिथेच जेवते. त्यावर मागून बाबांचा आवाज आला, "जपानला जाऊन बहादूरच्या हातचं खायचं होय?" आई हसली. मी घाईघाईने विमानाच्या तिकिटांचा विषय काढला, कारण मी तेव्हा त्याच हॉटेलात बसले होते, फोन स्पीकरवर होता, दाइ पाण्याचा जग घेऊन माझ्या टेबलाशी उभे होते, आणि दाइंना मराठी कळतं.

चांगलं कळतं. तरुणपणी काही वर्षं ते ठाण्यात होते, स्टेशनजवळ एका शेट्टींच्या हॉटेलात. आधी भांडी, मग कांदे चिरणं, मग हळूहळू तंदूरपाशी. बोलताना "सुट्टे नाहीत" आणि "पार्सल कुणाचं?" याच्या पुढे त्यांची गाडी जात नाही, पण ऐकून सगळं समजतं. त्या दिवशी ते काहीच म्हणाले नाहीत. पेल्यात पाणी ओतलं आणि तुमचा फोन ठेवल्यावर विचारलं, "बुवालाई सन्चै छ?" म्हणजे वडील बरे आहेत ना. बाबा, मी "हो" म्हटलं.

हे तुम्हाला खजील करायला लिहीत नाही. आपल्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला जो येईल तो बहादूर, आणि कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर कढई हलवणाराही बहादूर, ही डोंबिवलीची रीतच आहे. त्यातल्या एकाचंही खरं नाव मला सांगता येणार नाही. पण मार्चअखेर तुम्ही इथे उतराल तेव्हा हा माणूस कोण आहे हे तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच.

तर हॉटेलाबद्दल. तुम्ही नकाशावर पाहिलेलं निशी-कासाई म्हणजे आपल्या लोकांची वस्ती. 2000 सालाच्या आसपास संगणकवाले इंजिनिअर आले ते तिथे राहिले. तोझाई लाइनची गाडी तिथून थेट ओतेमाची, निहोनबाशीच्या ऑफिसांत नेते, आणि सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतींत जामीनदार लागत नाही, घरमालकाला द्यायची ती परत न मिळणारी 'भेट'ही लागत नाही. पुण्याचे योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये निवडून आले तेही त्याच एदोगावा वॉर्डातून. बाबांनी कात्रण कापून ठेवलं होतं. मी राहते नदीच्या या बाजूला, चार स्टेशनं पुढे, चिबा प्रांतात. भाडं कमी आहे म्हणून. इथे भारतीय कमी, पण दाइंचं हॉटेल आहे, आणि ते असण्यात नवल काहीच नाही. जिथे एकही भारतीय राहत नाही अशा स्टेशनाबाहेरही पाटीवर ताजमहाल आणि एव्हरेस्ट शेजारी शेजारी काढलेलं एक हॉटेल सापडतंच. पाटीवर आधी 'भारत' लिहिलेलं, मग 'नेपाळ', आणि आत मालकापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे नेपाळी.

हे कसं झालं ते दाइंनीच एकदा दुपारी गिऱ्हाईक नसताना सांगितलं. जपानमध्ये भारतीयांनी जी हॉटेलं काढली त्यांत दिल्ली-मुंबईच्या हॉटेलांत तयार झालेले नेपाळी स्वयंपाकी आले. स्वयंपाक्याच्या व्हिसाला दहा वर्षांचा अनुभव लागतो. तो या लोकांकडे होता. पुढे त्यांनी पैसे साठवून स्वतःची हॉटेलं काढली, मग भावाला, मेहुण्याला, गावातल्या पोराला स्वयंपाकी म्हणून बोलावलं, आणि त्या पोरानेही काही वर्षांनी पुढच्या स्टेशनावर आपली पाटी लावली. दाइ बागलुंग जिल्ह्यातले, गलकोटकडचे. तिथली एवढी माणसं या धंद्यात आहेत की गावात म्हातारी माणसं आणि कुलुपं उरलीत, असं ते म्हणतात. बाबा, वेंगुर्ल्याला आपल्या वाडीत गणपती सोडून इतर वेळी किती घरांची दारं उघडी असतात, ते तुम्ही मला नेहमी मोजून दाखवता.

आता जेवण. मेन्यूकार्डाचं पहिलं पान तुम्ही बघूच नका. ते जपानी गिऱ्हाइकांसाठी आहे आणि पोट त्यावरच भरतं, म्हणून दाइंना त्याबद्दल तक्रार नाही. बटर चिकन इतकं गोड की आई, तू ते जेवणाच्या शेवटी वाढशील. बिर्याणी म्हणजे परतलेला मसालेभात, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे. समोसाही यथातथाच. सॅलडवर एक केशरी रंगाचं गोडसर पाणी ओततात. ते देशभरातल्या अशा सगळ्या हॉटेलांत सारखंच असतं, भारतात किंवा नेपाळमध्ये मात्र मी ते कधी पाहिलेलं नाही. आणि नान! जपानी माणसाला भारत म्हटलं की नान आठवतो, नि तो केवढा, तर केळीच्या पानाएवढा, ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबणारा. पिठात साखर असते, वरून लोणी. दुपारचं ताट हजार येनच्या आतबाहेर, म्हणजे आपले साडेपाचशे-सहाशे रुपये, आणि त्यात नान हवा तेवढा परत मागता येतो. भातही पूर्वी असाच मिळायचा. पण गेल्या वर्षी इथे तांदूळ पाच किलोला चार हजार येनच्या वर गेला आणि भिंतीवर कागद लागला, की दुसऱ्या वाढीला जादा पैसे पडतील. भाताच्या देशात नान फुकट नि भात विकत. दाइ तो कागद लावताना स्वतःच हसत होते.

एक आजोबा नेमाने येतात, एकटे. चीज घातलेला नान मागवतात, दोन्ही हातांनी फाडून नुसताच खातात, आमटीला शेवटी चमचा लावतात. बरोबर मोजलेली नाणी ताटलीत ठेवतात आणि वाकून निघून जातात. दाइ त्यांच्यासाठी तिखट शून्यावर ठेवतात. इथे तिखटाला आकडे असतात, शून्यापासून पुढे. मी पाच सांगते, आई तीन सांग, बाबांचं पित्त बघता दोन.

मी जेवते ते त्या कार्डावर नाही. मागे दाइंच्या घरच्यांसाठी जे रांधलेलं असतं ते. डाळ, भात, भाजी, लोणचं, थोडा पाला परतलेला. डाळ कधी काळ्या उडदाची, तिला जिम्बू नावाच्या वाळक्या पातीची फोडणी. कांदा-लसणाच्या मधला तिचा वास आहे. गुंद्रुक म्हणजे मोहरी-मुळ्याचा पाला आंबवून वाळवलेला, त्याचा आंबट रस्सा. पहिल्यांदा नाक मुरडलं जातं, नंतर पावसाळी दिवशी त्याचीच आठवण येते. मुळ्याचं लोणचं, टोमॅटो भाजून तिळाबरोबर वाटलेली चटणी, आणि थंडीत ढिंडो. ढिंडो म्हणजे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला गोळा, बोटाने तोडायचा, डाळीत बुडवून गिळायचा, चावायचा नाही. ते पीठ कोदोचं असतं, आणि नेपाळचा कोदो म्हणजे आपली नाचणी. आई, तू आजीच्या हातच्या नाचणीच्या आंबीलबद्दल जे काही सांगतेस ते भाउजू, म्हणजे दाइंची बायको, ढिंड्याबद्दल सांगते. गरिबाचं खाणं म्हणून लहानपणी लाज वाटायची, आणि आता काठमांडूच्या मोठ्या हॉटेलांत तेच खायला लोक पैसे मोजतात.

पण मला तुम्हा दोघांना सांगायची आहे ती गोष्ट तिरफळांची. आई, तू दिवाळीच्या पार्सलात पाठवलेली पुडी मी एकदा सहज हॉटेलात नेली. दाइंनी एक फळ उचललं, वास घेतला, बोटांनी चुरडलं, काळी बी फेकून साल जिभेवर ठेवली आणि थांबले. मग आत जाऊन स्टीलची डबी घेऊन आले. "यो त टिमुर जस्तै छ." म्हणजे हे तर टिमुरसारखंच आहे. डबीत टिमुर होतं, त्यांच्या डोंगरातलं, आपल्या तिरफळापेक्षा बारीक, पण तोच लिंबाचा वास आणि तीच जीभ मुंग्या आल्यागत करणारी चव. टोमॅटोच्या चटणीत घालतात ते हेच. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या जपानी बाईंनाही वास गेला, आणि त्या म्हणाल्या, हे सान्शो आहे का? सान्शो म्हणजे इथे भाजलेल्या वामावर भुरभुरवतात ती हिरवट पूड. नंतर मी शोधलं तर खरंच, तिन्ही एकाच कुळातली झाडं आहेत. कोकणचं रानात, नेपाळचं डोंगरात, जपानचं लोकांच्या परसात.

त्यानंतर दाइंनी माझ्या मागेच लागून बांगड्याचं तिखलं करून घेतलं. इथल्या बांगड्याला साबा म्हणतात, आपल्यापेक्षा चरबट, पण चालतो. खोबरं गोठवलेलं, कोकम तू पाठवलेलं, तिरफळं ठेचून. मी सांगत होते, ते करत होते. कांदा घालू नका म्हटलं तर ठाण्याच्या शेट्टीछाप स्वयंपाक्याला ते पटेचना. दुपारी तीन ते पाच हॉटेल बंद असतं, तेव्हा सगळ्यांनी बसून ते भाताबरोबर खाल्लं. भांडी घासायला येणारा पोरगा भाषाशाळेत शिकतो. विद्यार्थ्यांना आठवड्याला 28 तासांपेक्षा जास्त काम करायला बंदी आहे, म्हणून तो सदा घड्याळ बघत जेवतो. त्या दिवशी त्याने घड्याळ न बघता तिसऱ्यांदा भात घेतला, आणि त्याला कुणी भिंतीवरचा कागद दाखवला नाही.

बाबा, तुम्ही पोस्टात मनीऑर्डरच्या खिडकीवर होतात तेव्हाच्या गोष्टी मला पाठ आहेत. परळ-लालबागचे गिरणीवाले पगाराच्या दुसऱ्या दिवशी रांग लावायचे, ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे फॉर्म तुम्ही भरायचात, आणि खाली दोन ओळींचा निरोपही तुम्हीच सुचवायचात. कोकण मनीऑर्डरवर जगतं, असं म्हणायचे. नेपाळचं आज तसंच आहे. परदेशातून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या पाव हिश्श्याच्या आसपास आहे. दाइ दर महिन्याला फोनवरूनच पैसे पाठवतात. आई-वडील गावात, आणि पहिली काही वर्षं मुलगीही तिथेच होती, आजी-आजोबांकडे. इथे आली तेव्हा नऊ वर्षांची. आता दाइ-भाउजू नेपाळीत बोलतात आणि ती जपानीत उत्तर देते. भाउजू सकाळी डबे भरायच्या कारखान्यात जाते आणि संध्याकाळी हॉटेलात येते, म्हणून तिघं एकत्र बसून जेवतात ते फक्त सोमवारी, सुट्टीच्या दिवशी. तुम्ही गिरगावच्या खानावळीत जेवून काढलेली वर्षं नि आईने वेंगुर्ल्यात काढलेली तीच वर्षं मी तुमच्याकडून वेगवेगळी ऐकली आहेत. या घरात ती एकाच टेबलावर ऐकायला मिळतात.

सध्या त्यांना एक घोर लागलाय. इथे धंद्याच्या व्हिसासाठी पूर्वी 50 लाख येन भांडवल पुरायचं. गेल्या ऑक्टोबरपासून ते 3 कोटी येन केलंय, म्हणजे दीड-पावणेदोन कोटी रुपये, आणि शिवाय एक पूर्णवेळ नोकर ठेवायचा. कागदी कंपन्या काढून व्हिसा घेणाऱ्यांना आळा घालायचा म्हणून नियम आला असं सांगतात, आणि तशा कंपन्या असतीलही. पण चौदा खुर्च्यांच्या हॉटेलात 3 कोटी कुठून आणायचे? आधीपासून धंदा असलेल्यांना 3 वर्षांची सवलत आहे. त्या कागदांतली जपानी मी त्यांना वाचून दाखवते, शनिवारी, गर्दी ओसरल्यावर. बाबा, फॉर्म भरायचं तुमचं काम मीच पुढे चालवते आहे असं समजा; फक्त इथे निरोपाला जागा नसते.

त्यांच्याकडून मी काय घेते म्हणाल तर, आजारी पडले तेव्हा पेज वर आली. मुगाची, तूप घातलेली, भाउजूने जिना चढून आणलेली. दसऱ्याला तिने मला बोलावून कपाळाला तांदूळ-दह्याचा टिळा लावला आणि कानावर जमरा खोवला. आपल्या घटात उगवतं तसंच ते जवाचं पिवळं धान. घटस्थापनेलाच पेरतात तेही. टिळा वडीलधाऱ्यांनी लावायचा असतो आणि वर हातात पैसेही ठेवायचे असतात. ते मी घेतले. आई, आता तू फोनवर "जेवलंस मां?" विचारलंस की मी हो म्हणते ते खोटं नसतं, एवढं यातून घे.

बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड म्हणून एक जास्तीचं. शिंजुकूला नाकामुराया नावाचं जुनं दुकान आहे. 1915 मध्ये रासबिहारी बोस इंग्रजांच्या तावडीतून निसटून इथे आले तेव्हा त्या दुकानाच्या मालकांनी त्यांना लपवलं. 1918 मध्ये त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी, बोसांचं लग्न झालं. ती लवकर गेली, 1925 मध्ये. आणि 1927 मध्ये त्याच दुकानाने बोसांच्या सांगण्यावरून खरी भारतीय पद्धतीची कोंबडीची आमटी आणि भात विकायला काढला. अजून मिळतो. तिथे नेईन तुम्हाला, पण महाग आहे, तेव्हा एकदाच.

आता सूचना. हापूस आणू नका, एकही नाही. ताजी फळं, कढीपत्ता विमानतळावर काढून घेतात. मटणाचा कुठलाही प्रकार नको. तिरफळं दुकानातल्या बंद पाकिटातली आणा, दाइंसाठी एक वेगळं पाकीट. सुकट चालेल, पण तीन पिशव्यांत बांध आई, बाबांच्या सदऱ्यांत नको. बाबा, इथे टीप ठेवत नाहीत. ठेवलीत तर पोरगा पैसे परत द्यायला रस्त्यावर धावत येईल. हॉटेलात पाणी बर्फ घातलेलं देतात, गरम हवं असेल तर सरळ मराठीत मागा. पाडवा घरी करूनच निघा. एप्रिलच्या मध्यात त्यांचंही नवं वर्ष लागतं, विक्रम संवत 2083, तेव्हा तुम्ही इथे असालच.

तुम्ही शनिवारी पोचता. रविवारी झोप काढा. सोमवारी दाइंचं हॉटेल बंद असतं, म्हणून त्या तिघांना मी आपल्याकडे जेवायला सांगितलंय. बाबांचा सोमवार, म्हणजे मासळी नाही. आई, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं कर. तांदूळ-उडीद मी आणून ठेवते, आणि काळ्या वाटाण्यांच्या जवळचा केराउ नेपाळी दुकानात मिळतो. खुर्च्या चारच आहेत, तेव्हा पाहुणे आणि आई बसतील, मी आंबोळ्या घालीन. वाढायला तुम्ही, बाबा.

तुमची,
लेक